फाईलचं नाव आठवत नाही? मग यादी दाखवा!

मागच्या दिवाळीत मी बडोद्याला आत्याकडे गेले होते. निवृत्तीनंतर आत्या तिथल्या एका छोट्या मराठी वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस जाते. पगार नाही, आवड म्हणून. पुस्तकांची देवघेव, वर्गणीच्या पावत्या आणि जुन्या दिवाळी अंकांची निगा, असं तिचं काम.

वाचनालयात एक लॅपटॉप आहे. एका सभासदाने हौसेने त्यावर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये छोटासा डेटाबेस करून दिलाय. सभासद, पुस्तकं, पावत्या सगळं त्यात आहे. शिवाय जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि अनुक्रमणिका मोबाईलने स्कॅन करून त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास पीडीएफ फाईली एका फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. कुणी विचारलं, "अमक्या लेखिकेची कथा कोणत्या अंकात होती हो?" की स्क्रीनवर अनुक्रमणिका उघडायची. जीर्ण झालेले अंक सारखे कपाटातून काढायला नकोत.

कल्पना छानच होती. घोडं अडलं होतं एका चौकटीत. फॉर्मवर लिहिलं होतं 'फाईल पाथ' आणि पुढे रिकामी जागा. तिथे आधी ड्राइव्हचं अक्षर, मग कोलन, मग उलटी तिरकी रेघ, मग फोल्डरचं नाव, पुन्हा तिरकी रेघ आणि शेवटी फाईलचं पूर्ण नाव टाइप करायचं. एक अक्षर चुकलं की उत्तर तयार: 'फाईल सापडली नाही'.

आत्या त्या चौकटीला हातच लावायची नाही. फाईल हवी असली की त्या सभासदाला फोन करायची. मला नवल वाटलं, कारण ही बाई एके काळी पतसंस्थेत दिवसभर कॉम्प्युटरवर बसायची.

"अगं, तू तर आमच्या घरातली पहिली कॉम्प्युटरवाली!" मी म्हटलं.

"म्हणूनच," ती म्हणाली. "नाव टाइप करा म्हटलं की माझे हात गार पडतात. परत एकदा काहीतरी पुसून टाकलं तर?"

'परत एकदा' म्हणजे काय, ते मला त्या रात्री फराळाचे डबे भरता भरता कळलं.

१९९७ची ती संध्याकाळ

आत्या तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क होती. बचत खात्यांचा हिशोब नुकताच कॉम्प्युटरवर आला होता. प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, डॉसवर चालणारा. माऊस नाही, चित्रं नाहीत. स्क्रीनवर एक ते सहा आकडे आणि त्यांच्यापुढे कामांची नावं: नवी नोंद, अहवाल, बॅकअप, रिस्टोअर वगैरे.

रोज संध्याकाळी फ्लॉपीवर बॅकअप घ्यायचा. प्रोग्रॅम विचारायचा, 'फाईलचं नाव?' आणि कर्सर लुकलुकत राहायचा. डॉसमध्ये नावाला जास्तीत जास्त ८ अक्षरं आणि टिंबानंतर आणखी ३. त्यामुळे 'जून महिन्याच्या दहा तारखेचा बॅकअप' असं काही लिहिता येत नसे. 'एसबीजून१', 'एसबीजून२' असली नावं. कोणतं नाव कोणत्या दिवशी दिलं, ते आत्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवायची.

एके दिवशी वीज गेली आणि परत आल्यावर प्रोग्रॅम उघडेना. प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ दुसऱ्या गावी. फोनवर म्हणाले, "कालचा बॅकअप रिस्टोअर करा." आत्याने वही काढली. दोन नावांत एकाच आकड्याचा फरक, पेन्सिल पुसट झालेली, समोर खातेदारांची रांग. तिने नाव टाइप केलं आणि एंटर दाबलं.

प्रोग्रॅमने काहीही विचारलं नाही. ना फाईलची तारीख दाखवली, ना 'नक्की का?' म्हटलं. ९ दिवसांपूर्वीचा बॅकअप मुकाट्याने चालू हिशोबावर जाऊन बसला. ते तिच्या लक्षात आलं रात्री, रोकड जुळेना तेव्हा. कालचा बॅकअप फ्लॉपीवर होता. पण गोंधळात पुन्हा बॅकअपचा पर्याय दाबून तिने तेच नाव दिलं आणि तोही जुन्या आकड्यांखाली गेला.

सुदैवाने कागदी व्हाउचरं जपलेली होती. आत्या आणि तिची एक सहकारी तीन रात्री थांबल्या आणि ९ दिवसांच्या नोंदी पुन्हा भरल्या. एकाही खातेदाराचा रुपया इकडचा तिकडे झाला नाही. पण आठवड्याने तिच्या हातात एक पत्र पडलं. त्यात शब्द होता 'निष्काळजीपणा'. ते पत्र तिच्या सेवापुस्तकाला लागलं.

"चूक माझीच होती गं," आत्या म्हणाली. "नाव मीच टाइप केलं ना."

मी तेव्हा काही बोलले नाही. पण डोक्यातून जाईना. नाव तिने टाइप केलं हे खरं. पण तिला नाव टाइप करायला लावलंच का?

यादी होती, पण पडद्यामागे

मी इंग्रजी साहित्याची पदवीधर. पोटासाठी लेख लिहिते, प्रोग्रॅम नाही. तरी चार दिवस वाचत बसले, आणि जे सापडलं त्याने चकित झाले.

त्या काळातल्या डेटाबेसना डिस्कवरच्या फाईलींची यादी दाखवता येत होती. तीही चांगली यादी.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे डीबेस. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी 'व्हल्कन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅश्टन-टेट या कंपनीने तो 'डीबेस टू' या नावाने विकायला आणला. पुढे त्याच वळणाची भाषा घेऊन फॉक्सप्रो आलं. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी स्वतःचं अ‍ॅक्सेसही बाजारात आणलं. आपल्याकडे दुकानं, पतसंस्था, पगारपत्रकं यांच्या हिशोबात फॉक्सप्रोने कित्येक वर्षं काढली.

डीबेस किंवा फॉक्सप्रोच्या आत 'डिर' एवढे तीन अक्षरांचे इंग्रजी स्पेलिंग टाइप केलं की डेटाबेस फाईलींची यादी यायची. साध्या डॉसच्या यादीत नाव, आकार, तारीख आणि वेळ असे. इथे आणखी एक गोष्ट मिळे: फाईलमध्ये किती नोंदी आहेत. शिवाय फाईल शेवटची कधी बदलली तेही. ही माहिती येते कुठून? या प्रकारच्या प्रत्येक फाईलच्या अगदी सुरुवातीला काही बाइट राखून ठेवलेले असतात. त्यात शेवटच्या बदलाचं वर्ष, महिना, दिवस आणि एकूण नोंदींचा आकडा लिहिलेला असतो. वहीच्या पहिल्या पानावर 'अमुक तारखेपर्यंत लिहिली, अमुक पानं भरली' असं लिहावं तसं.

म्हणजे त्या संध्याकाळी आत्याच्या हातातल्या फ्लॉपीवर सगळी उत्तरं होती. 'एसबीजून१'ची तारीख जुनी होती, तिच्यात नोंदी कमी होत्या. फाईल ते सांगायला तयार होती. प्रोग्रॅमने तिला बोलू दिलं नाही.

मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही यादी दाखवणं फार अवघड होतं का? तेही नाही. डीबेस फोर आणि फॉक्सप्रोमध्ये 'डिफाइन पॉपअप' नावाची आज्ञा होती. तिला 'प्रॉम्प्ट फाइल्स' असं जोडलं की डिस्कवरच्या फाईलींची चौकट स्क्रीनवर यायची. बाणाच्या कळांनी वर-खाली जायचं, हवी ती फाईल आली की एंटर. फॉक्सप्रोमध्ये फाईलींची नावं, आकार, तारखा एका तक्त्यात भरून देणारं 'एडिर' नावाचं फंक्शनही होतं. जुन्या फाईलवर नवी लिहिण्याआधी 'लिहू का?' असं विचारायची सोयसुद्धा होती. 'सेट सेफ्टी ऑफ' लिहिलं की ती गप्प बसायची. आत्याच्या प्रोग्रॅममध्ये ती गप्पच होती.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवं. त्याला सगळ्या फाईलींची नावं पाठ असतात, कारण ती त्यानेच ठेवलेली असतात. रिकामी चौकट त्याला अडत नाही. ती अडते तिथे रोज बसणाऱ्या माणसाला.

आठवणं वेगळं, ओळखणं वेगळं

दुसऱ्या दिवशी मी आत्याला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव नाही आठवत मला. पण समोर दिसलं असतं तर ओळखलं असतं."

लग्नात भेटलेल्या माणसाचं नाव आठवत नाही, पण फोटोत तो लगेच ओळखू येतो, तसंच हे. डोक्यातून काहीतरी खणून काढायला कष्ट पडतात. समोरच्या चार गोष्टींतून एक ओळखणं त्या मानाने सोपं. संगणक वापरायला सोपा कसा करावा, याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी १९९४ साली दहा तत्त्वं मांडली. ती आजही या विषयात शिकवली जातात. त्यातलं एक तत्त्व नेमकं हेच: माणसाला आठवायला लावू नका, ओळखू द्या.

आत्याने हे तत्त्व वाचलेलं नाही. तिने त्याची किंमत मात्र मोजली होती.

म्हणून मी ठरवलं की सुट्टी संपायच्या आत वाचनालयातली ती चौकट काढायची आणि तिथे यादी आणायची. ज्यांनी डेटाबेस केला त्या सभासदांना विचारलं. ते आनंदाने म्हणाले, "करा की! फक्त आधी एक कॉपी काढून ठेवा." कॉपी आत्याने स्वतः काढली, माझ्यासमोर दोनदा तपासून.

यादी कशी झाली

अ‍ॅक्सेसमध्ये 'लिस्ट बॉक्स' नावाची चौकट असते. तिच्यात ओळीखाली ओळ दिसते आणि आपण एक निवडतो. फोल्डरमधल्या फाईलींची नावं गोळा करून या चौकटीत ओतायची, एवढंच काम. मला वाटलं, तासाभरात होईल. चार दिवस लागले. प्रत्येक दिवशी आत्याने काहीतरी विचारलं आणि प्रत्येक वेळी तिचंच बरोबर निघालं.

पहिला दिवस: प्रश्नचिन्हांची रांग. अ‍ॅक्सेसच्या प्रोग्रॅमिंगमध्येही 'डिर' आहे. फोल्डरचा पत्ता देऊन बोलावलं की ते पहिल्या फाईलचं नाव देतं. नुसतंच पुन्हा बोलावलं की पुढचं. नावं संपली की रिकामा शब्द. मी ते वापरलं. यादी आली, पण अर्ध्या ओळींत नुसती प्रश्नचिन्हं! कारण कळायला दुपार गेली. हे जुन्या पद्धतीचं फंक्शन देवनागरी अक्षरं पेलू शकत नाही. जी अक्षरं ओळखता येत नाहीत तिथे ते प्रश्नचिन्ह ठेवतं. आणि आमच्या निम्म्या फाईलींची नावं मराठीत. उपाय म्हणजे 'फाईल सिस्टिम ऑब्जेक्ट' नावाची दुसरी सोय वापरणं. तिला देवनागरी चालते. मराठीत फाईलींना नावं देणाऱ्या कुणाच्याही कामी येईल अशी ही गोष्ट आहे.

दुसरा दिवस: नको ते पाहुणे. नवी यादी मराठीत आली. आत्याने चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "हे थम्ब्स डॉट डीबी नावाचं कोण आहे?" विंडोज चित्रांच्या छोट्या प्रतिमा साठवण्यासाठी कधी कधी अशी लपलेली फाईल ठेवून देतं. एरवी ती दिसत नाही, पण नव्या सोयीने लपलेल्या फाईलीसुद्धा यादीत आणल्या. "मी ती काढून टाकू का?" आत्याने विचारलं. पाहा, यादीत नको ते दिसलं की माणसाला ते साफ करावंसं वाटतं! मग फक्त पीडीएफच दिसतील अशी गाळणी लावली.

त्याच दिवशी क्रमाचा घोळ निघाला. एका अंकाची पानं यादीत १, १०, ११, २, ३ अशी लागली. विंडोजच्या फोल्डरमध्ये आकडे समजून घेऊन १ नंतर २ येतो. डेटाबेस मात्र नावाला मजकूर समजतो आणि अक्षरागणिक लावतो. म्हणून १०, २च्या आधी. त्यावर जुना उपाय: १ ऐवजी ००१ लिहायचं. आम्ही दोघींनी चहा पीत पीत नावं सुधारली. वर्षही नावात सगळ्यात आधी घेतलं, म्हणजे यादी आपोआप वर्षवार लागते.

तिसरा दिवस: कुणाची तारीख? मी मोठ्या अभिमानाने यादीत 'तारीख' असा रकाना घातला. आत्या म्हणाली, "हा १९७२चा अंक आहे. याच्यापुढे गेल्या वर्षीची तारीख कशी?" ती तारीख फाईलची होती, अंकाची नव्हे. माझ्या डोक्यात ते इतकं स्पष्ट होतं की लिहायचं सुचलंच नाही. त्या रकान्याचं नाव 'स्कॅन केल्याची तारीख' असं केलं आणि 'अंकाचं वर्ष' वेगळा रकाना केला.

इथेही एक खाच आहे. विंडोज प्रत्येक फाईलच्या वेगवेगळ्या तारखा सांगतं, त्यात 'तयार झाल्याची' आणि 'बदलल्याची' याही असतात. फाईल पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर कॉपी केली की 'तयार झाल्याची' तारीख आजची होते, 'बदलल्याची' मात्र जुनीच राहते. म्हणजे यादीत चुकीची तारीख घेतली असती तर सगळे स्कॅन एकाच दिवशी केल्यासारखे दिसले असते. बॅकअप ओळखताना तर हा फरक फारच महत्त्वाचा. आम्ही 'बदलल्याची' तारीख घेतली.

फाईलचा तो लांबलचक पत्ता, ड्राइव्ह आणि तिरक्या रेघांसकट, यादीतल्या एका रकान्यात ठेवला. पण त्या रकान्याची रुंदी शून्य केली. अ‍ॅक्सेसला तो दिसतो, आत्याला दिसत नाही. ओळीवर दोनदा क्लिक केलं की पीडीएफ उघडते.

चौथा दिवस: रिकामी यादी. सगळं झालं असं वाटलं. आत्या सकाळी वाचनालयात गेली, लॅपटॉप उघडला आणि मला फोन आला. आवाज बारीक. "अगं, सगळं गेलं."

मी धावत गेले. यादी कोरी होती. आत्या दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली होती, कळफलकापासून लांब. कपाळावर घाम. मला क्षणभर १९९७ची ती संध्याकाळ दिसली.

काहीच गेलं नव्हतं. स्कॅनचं फोल्डर पेन ड्राइव्हवर होतं आणि तो लावायचा राहिला होता. फोल्डरच सापडला नाही, म्हणून माझ्या यादीने काहीही न बोलता कोरी चौकट दाखवली. म्हणजे मीसुद्धा तेच केलं होतं जे त्या प्रोग्रॅमने केलं होतं. मुकाट्याने.

त्या दिवशी मी सगळ्यात आधी आत्याची माफी मागितली. मग फोल्डर लॅपटॉपच्याच डिस्कवर घेतला आणि पेन ड्राइव्ह कपाटात बॅकअप म्हणून ठेवला. शिवाय पेन ड्राइव्हला दर वेळी तेच अक्षर मिळेल याची खात्री नसते. आज ई, उद्या एफ. आणि यादी रिकामी असेल तर मोठ्या अक्षरांत दिसेल असं एक वाक्य घातलं: 'फोल्डर सापडला नाही. तुमच्या फाईली पुसल्या गेलेल्या नाहीत. जोडणी तपासा.' मधलं वाक्य आत्याने सांगितलं. म्हणाली, "आधी ते लिही. बाकीचं नंतर."

तुम्ही असा प्रोग्रॅम करून घेत असाल तर

दुकान, सोसायटी, दवाखाना, शिकवणी, वाचनालय... हल्ली कुठे ना कुठे कुणीतरी छोटा डेटाबेस करून देतंच. स्वतः प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी करून देणाऱ्याकडे या गोष्टी हक्काने मागा:

१. फाईलचं नाव टाइप करायला लावू नका, यादीतून निवडू द्या.

२. यादीत कामाच्याच फाईली दाखवा. हजार ओळींची यादी ही यादी नसते. वर एक शोधायची चौकट द्या. दोन अक्षरं टाइप केली की यादी लहान व्हावी.

३. नावासोबत ओळख पटेल असं काहीतरी दाखवा. बॅकअप असेल तर तारीख, वेळ आणि नोंदींची संख्या. बिल असेल तर ग्राहकाचं नाव.

४. रकान्यांची नावं वापरणाऱ्याच्या भाषेत हवीत. 'तारीख' एवढंच पुरत नाही. कशाची तारीख ते लिहा. अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर मराठीत लिहिता येतं.

५. 'उघडा' आणि 'पुसा' ही बटणं शेजारी शेजारी नकोत. पुसण्याआधी आणि जुन्यावर नवं लिहिण्याआधी फाईलचं नाव आणि तारीख दाखवून विचारायलाच हवं.

६. फॉर्म उघडला की यादी ताजी व्हावी. मधेच नवी फाईल टाकली तर 'यादी ताजी करा' असं बटण असावं.

७. यादी रिकामी असेल तर कारण सांगा.

८. पीडीएफ आणि फोटो डेटाबेसच्या पोटात कोंबू नका. अ‍ॅक्सेसची एक फाईल २ जीबीच्या पुढे वाढू शकत नाही. फाईली फोल्डरमध्येच राहू द्या, डेटाबेसमध्ये त्यांचा पत्ता ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, काम झालं की जो माणूस ते रोज वापरणार आहे त्याला खुर्चीत बसवा आणि आपण मागे उभे राहा. बोलायचं नाही. तो कुठे थांबतो, ते फक्त बघायचं.

फोनवरही तीच गोष्ट

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना अ‍ॅक्सेस, ना लॅपटॉप. पण 'तुमची पीडीएफ जोडा' असं एखादा फॉर्म सांगतो तेव्हा फोनमध्ये काय होतं? आकड्यांची आणि इंग्रजी अक्षरांची न संपणारी यादी येते आणि आई-बाबा फोन आपल्या हातात देतात. तिथे यादी आहे, पण ओळख पटत नाही.

त्यामुळे एक सवय लावून घ्या. महत्त्वाचा कागद आला की तेव्हाच त्याचं नाव बदला: आधी वर्ष, मग माणूस, मग काय आहे ते. '२०२५ आई रक्त तपासणी' असं. मराठीत लिहा, चालतं. सरकारच्या डिजिलॉकरचं उदाहरण घ्या. २०१५पासून सुरू असलेल्या या सेवेत कागद 'वाहन चालक परवाना' अशा आपल्या नावाने दिसतात. फाईलचं नाव काय, याच्याशी आपल्याला देणंघेणं राहत नाही.

घरातल्या कुणी "मला नाही जमत" म्हटलं तर लगेच फोन हातातून काढून घेऊ नका. नेमकं कुठे अडलं, ते विचारा. बहुतेक वेळा रिकाम्या चौकटीशी किंवा न ओळखता येणाऱ्या नावाशी अडलेलं असतं.

शेवटचा दिवस

मी निघायच्या दिवशी वाचनालयात एक आजोबा आले. त्यांना त्यांच्या बहिणीची कविता छापून आलेला अंक हवा होता. वर्ष नक्की आठवत नव्हतं, सत्तरीच्या दशकातला असावा म्हणाले. आत्याने लॅपटॉप उघडला. सत्तरच्या दशकाचे अंक एका खाली एक आले. तिने एकेक अनुक्रमणिका उघडून आजोबांना दाखवली. पहिली नाही, दुसरी नाही. सातव्या अनुक्रमणिकेवर आजोबांनी स्क्रीनला बोट लावलं.

आत्या कपाटातून अंक काढायला उठली. परत येताना माझ्याजवळ थांबली आणि हळूच विचारलं, "त्या फ्लॉपीतल्या फाईलीत खरंच तारीख होती ना गं?"

"होती," मी म्हटलं. "नोंदींचा आकडासुद्धा होता."

तिने मान हलवली, अंकावरची धूळ पदराने पुसली आणि आजोबांच्या हातात दिला.